संकल्पपत्रावरचा आकडा: एका घराच्या कारभारीपणाचा प्रकरण अभ्यास

दर महिन्याला न चुकता दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारं, मंडळीत (चर्चमध्ये) मान असलेलं एक घर देणगीच्या एका संकल्पापायी पेचात सापडलं. शब्द दिला होता आणि तो पाळायला पैसे नव्हते. शब्द फिरवावा तर देवाशी बेइमानी, पाळावा तर कर्ज. ख्रिस्ती कारभारीपणावर, म्हणजे देवाने सोपवलेलं सगळं विश्वासूपणे सांभाळण्यावर, मंडळ्यांमधून पुष्कळ शिकवलं जातं, पण ते शिक्षण बहुतेक वेळा दानपेटीपाशी येऊन थांबतं. या घराचा प्रश्न दानपेटीच्या अलीकडचा होता, म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

एक खुलासा आधीच करतो. हे कुठल्या एका कुटुंबाचं हुबेहूब वर्णन नाही. अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एका घरात गोळा करून हे प्रकरण उभं केलं आहे. म्हणून यात नावं नाहीत, आणि पैशांचे आकडे घराचं महिन्याचं उत्पन्न १०० धरून दिले आहेत.

घराची परिस्थिती

नवरा-बायको दोघं चाळिशीतले, दोन शाळकरी मुलं. त्याची पूर्णवेळ नोकरी, तिचं अर्धवेळ काम. पगार जमा झाला की पहिली गोष्ट म्हणजे दहावा भाग पाकिटात. लग्नाआधीपासून त्याचा हा नेम होता आणि तो कधी मोडला नव्हता. मंडळीत तो तीन समित्यांवर. आठवड्यातल्या चार संध्याकाळी घराबाहेर. ती रविवारची शाळा शिकवते आणि घरखर्चाची वही ठेवते.

त्याची आई विधवा, दुसऱ्या गावी एकटी राहते. तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. तपासणी झाली होती, डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सांगितलं होतं. त्याची किंमत घराच्या उत्पन्नाच्या मानाने साधारण ४०. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. दरम्यान आईने फोन उचलणं कमी केलं, कारण पलीकडचं बोलणं कळत नसे आणि सारखं ‘काय म्हणालास?’ विचारायची तिला लाज वाटे. उपासनेत ती शास्त्र (बायबल) उघडून बसायची, पण पाळकांनी (धर्मगुरूंनी) कुठला अध्याय सांगितला हे शेजारणीच्या पुस्तकात डोकावून बघायची. ऐकू न येणारं माणूस हळूहळू माणसांतून उठतं, आणि घरच्यांना वाटतं की वयामुळे ते शांत झालंय.

मग मंडळीच्या इमारतीचा विस्तार निघाला. उपासनेच्या शेवटी संकल्पपत्रं वाटली गेली. वर्षभरात किती देणार ते लिहायचं, पत्र पुढे आणून द्यायचं. त्याने तिथेच, गुडघ्यावर पत्र ठेवून, ६० चा आकडा लिहिला. म्हणजे महिन्याला ५. जाहीर वाचन झालं तेव्हा तिला तो आकडा पहिल्यांदा कळला. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर वही आणली आणि एवढंच विचारलं, ‘हे ५ कुठल्या ओळीतून काढायचे ते दाखव.’

वहीत काय होतं

दशमांश १०, घराचा हप्ता ३०, मुलांचं शिक्षण १२, रोजचा खर्च, बिलं आणि प्रवास मिळून ३४, विमा ४, आईला पाठवायचे २, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ६. बेरीज ९८. उरले २.

कार्डावर थकबाकी होती ९० च्या आसपास. महिन्याला ६ भरले जात, त्यातले जवळजवळ निम्मे व्याजातच जात. वर्षभरात कधी दुरुस्ती, कधी आजारपण, कधी कुणाचं लग्न, असं काहीतरी निघायचंच. हाताशी उरणाऱ्या २ मध्ये ते भागत नसे आणि सरासरी ३ पुन्हा कार्डावर चढत. भरणा ६, व्याज ३, नवा खर्च ३. बाकी जिथल्या तिथे. बहुतेक कार्डांवर आणखी एक मेख असते: मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. त्याला हे माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, पण विषय काढला की ‘देव पुरवेल’ या वाक्यावर तो संपायचा.

या वहीत महिन्याचे ५ आणखी घातले की काय होतं ते उघड आहे. ते ५ कार्डावर जाणार. म्हणजे देवाच्या घराला दिलेली देणगी प्रत्यक्षात बँकेने उसनी दिलेली असणार, तिच्यावर व्याज चढणार, आणि ते व्याज आईच्या कानाच्या यंत्रातून आणि मुलांच्या वाट्यातून जाणार. त्याने देणगी दिली असं म्हणणंच अवघड होतं. देणारे निराळे होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्याचं म्हणणं

त्याची बाजू कच्ची नव्हती, आणि ती थट्टेवारी नेणं चूक ठरलं असतं. त्याने तीन गोष्टी मांडल्या.

पहिली, नवस फेडायलाच हवा. उपदेशक ५:४-६ स्पष्ट सांगतं की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, आणि नंतर ‘ती चूक झाली’ असं म्हणू नये. दुसरी, स्तोत्र १५:४. देवाच्या डोंगरावर कोण राहील, तर स्वतःचं नुकसान होत असूनही जो शपथ फिरवत नाही तो. तिसरी, मासेदोनियाच्या मंडळ्या. २ करिंथ ८:३ मध्ये प्रेषित पौल लिहितो की त्या गरिबीत असूनही त्यांनी शक्तीबाहेर दिलं. आणि ज्या विधवेने दानपेटीत दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकल्या (मार्क १२:४१-४४) तिने तर उपजीविकाच टाकली. मग आपण हिशोब कसले करत बसायचे?

हे प्रश्न कुठल्याही प्रामाणिक विश्वासणाऱ्याच्या मनात येतात. उत्तर शास्त्रातूनच शोधलं पाहिजे, निव्वळ आर्थिक सल्ल्यातून नाही.

शास्त्र उघडल्यावर

स्तोत्र १५ स्वतःच्या नुकसानीबद्दल बोलतं. आपला शब्द पाळताना आपली झीज झाली तरी चालेल, असं ते सांगतं. इथे झीज त्याची होणार नव्हती, आईची होणार होती. विधवेने टाकलं ते तिचं स्वतःचं होतं. आणि त्या प्रसंगाच्या अगदी आधीच्या वचनात, मार्क १२:४० मध्ये, येशू विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांवर ताशेरे ओढतो. ही दोन्ही वचनं एकापाठोपाठ येतात, तरी उपदेशात बहुधा दुसरंच ऐकू येतं. मासेदोनियाच्या लोकांनी शक्तीबाहेर दिलं हे खरं, पण ते आपखुशीने, आपल्यातून. त्याच अध्यायात, १२ आणि १३ व्या वचनांत, पौल करिंथकरांना सांगतो की जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही. दुसऱ्यांचा भार हलका होऊन तुमच्यावर ओझं पडावं अशी त्याची इच्छा नाही.

या प्रकरणाची नस मात्र मार्क ७:९-१३ मध्ये आहे. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते ‘देवाला अर्पण केलं आहे’ असं म्हणून बाजूला ठेवायचं आणि त्यांच्यासाठी काहीच करायचं नाही, ही परूश्यांची (त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथाची) सोय येशूने उघडी पाडली. त्याने अर्पणाला नावं ठेवली नाहीत. अर्पणाच्या नावाखाली पाचवी आज्ञा रद्द होते, यावर त्याचं बोट होतं. १ तीमथ्य ५:४ हेच सरळ सांगतं: विधवेला मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांशी सुभक्तीने वागायला, आईबापांचं ऋण फेडायला शिकावं. आठवं वचन त्याहून कठोर आहे. जो स्वकीयांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे.

आता नवसाचा प्रश्न. लेवीय २७ हा अध्याय मंडळ्यांमध्ये त्याच्या ३० व्या वचनासाठी ओळखला जातो, कारण भूमीचा दशमांश परमेश्वराचा आहे हे तिथे लिहिलंय. पण अध्यायाची सुरुवात नवसापासून आहे. एखाद्याने माणूस वाहण्याचा नवस केला तर त्याबदली किती चांदी द्यायची ते ठरलेलं होतं. २० ते ६० वर्षांच्या पुरुषासाठी ५० शेकेल (चांदी तोलायचं वजन). लगेच आठवं वचन येतं: नवस करणारा गरीब असेल आणि एवढं देऊ शकत नसेल, तर त्याने याजकापुढे यावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. म्हणजे भलताच मोठा शब्द जाऊ शकतो हे नियमशास्त्राने गृहीत धरलं होतं. त्यावर उपाय ठेवला तोही उघड्यावर, याजकासमोर उभं राहून. गुपचूप टाळाटाळ त्यात बसत नाही आणि कर्ज काढून लाज राखणंही बसत नाही. नीतिसूत्रे २०:२५ तर या माणसालाच उद्देशून लिहिल्यासारखं आहे: उतावीळपणे ‘हे पवित्र’ म्हणणं आणि नवस केल्यावर मग विचार करणं हा माणसाला पाश आहे.

माझ्या मते इथेच या घराचं कुलूप उघडलं. संकल्प कमी करायला जाणं हा विश्वासघात नव्हे, हे त्याला सल्लागाराने सांगून पटलं नसतं. ते लेवीयातून पटलं.

शिवाय एक साधी गोष्ट. बुरूज बांधायला काढण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा (लूक १४:२८), हा दाखला बांधकाम निधीच्या वेळी वाचायलाच हवा होता. तो कुणी वाचला नाही.

दशमांश कमी करावा का?

संकल्पाचा मार्ग निघाल्यावर खरा मतभेद पुढे आला. तिचं म्हणणं, कार्डाची बाकी फिटेपर्यंत दशमांश १० वरून ५ वर आणावा. त्याला ते मान्य नव्हतं. विश्वासू ख्रिस्ती माणसं या प्रश्नावर दोन्हीकडे आहेत. एक बाजू मलाखी ३:८-१० धरते: दशमांश रोखणं म्हणजे देवाला लुबाडणं. दुसरी म्हणते, नव्या करारात मंडळीला ठरावीक टक्का घालून दिलेला नाही. २ करिंथ ९:७ प्रमाणे प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जुलमाने नाही.

मला दुसरी बाजू शास्त्राला जास्त धरून वाटते. मलाखीचा रोख कळायला नहेम्या १३:१०-१३ शेजारी ठेवून वाचावं. तिथे लेव्यांचे, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचे, वाटे मिळाले नाहीत म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले होते, आणि नहेम्याने भांडारावर जे लोक नेमले ते विश्वासू मानले जात होते म्हणून नेमले. त्या पैशावर कुणाचं तरी पोट होतं. अनुवाद १४:२८-२९ मध्ये तर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचा आहे. दशमांशाच्या नियमातच विधवा बसलेली आहे, आणि इथे दशमांश देणाऱ्याचीच विधवा आई वाट बघत होती.

तरीही मी त्याला दशमांश कमी कर असं म्हटलं नसतं. रोमकरांस १४:२३ सांगतं की जे विश्वासाने होत नाही ते पाप. ज्याच्या सद्सद्विवेकाला एखादी गोष्ट देवाला लुबाडल्यासारखी वाटते, त्याच्याकडून ती करून घेऊन घराचा हिशोब जुळेलही, पण माणूस आतून मोडेल. तिने हे ओळखलं आणि आग्रह सोडला. तिच्या अटी दोन होत्या: दशमांशाला हात लावायचा नसेल तर उरलेल्या ९० मधली प्रत्येक ओळ खुली पाहिजे, आणि इथून पुढे घराच्या वतीने कुठलाही शब्द एकट्याने द्यायचा नाही.

या उरलेल्या ९० बद्दलच मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय. दहावा भाग देवाचा आणि नऊ भाग आपले, अशी वाटणी मनात पक्की बसलेली असते. परंतु स्तोत्र २४:१ प्रमाणे पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व परमेश्वराचं आहे. लूक १६:२ मधल्या मालकाने कारभाऱ्याला बोलावलं ते ‘आपल्या कारभाराचा हिशोब दे’ म्हणायला. त्यात एक दशांशाचा हिशोब दे असं कुठे नाही. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली यांनी पैशाच्या वापराचा क्रम सांगितला तो असा: आधी स्वतःच्या गरजा, मग घरच्यांच्या, उरलं तर विश्वासणाऱ्यांसाठी, त्यातूनही उरलं तर सगळ्या माणसांसाठी. चैनीला त्यांनी कुठेच जागा ठेवली नाही. स्वतः ते उत्पन्न वाढलं तरी राहणीमान न वाढवता देत गेले. इतका उदार माणूस घरच्या गरजा क्रमात वर ठेवतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

काय ठरलं

तो पाळकांकडे गेला. एकटा नाही, दोघं गेले, वही घेऊन. संकल्प वर्षाला ६० वरून १२ वर आला, महिन्याला १. पाळकांनी प्रार्थना केली, आणि खजिनदाराला बोलावून पत्रावरचा आकडा बदलून दोघांच्या सह्या घेतल्या.

त्या बैठकीत एक सूचना अशीही आली की पैशाची कमतरता त्याने वेळ देऊन भरून काढावी, बांधकामावर देखरेख करावी. ऐकायला छान वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी ती मान्यही झाली असती. पण त्याच्या वेळेची वही कुणी मांडली असती तर ती पैशाच्या वहीपेक्षा जास्त तोट्यात निघाली असती. चार संध्याकाळी आधीच गेलेल्या. धाकट्याचा अभ्यास, आईचा फोन, स्वतःची झोप, सगळ्यांची उधारी त्यावर होती. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसलेला असतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला बजावतो की हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. देवाचं काम करतानाही माणूस कारभार बिघडवू शकतो. पैशाऐवजी वेळ ही अदलाबदल इथे नाकारली गेली आणि मला ते या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. उलट तीनपैकी दोन समित्या त्याने सोडल्या.

समित्या सुटल्यावर दुचाकीची गरज राहिली नाही. ती मुख्यतः संध्याकाळच्या बैठकांसाठीच वापरली जात होती. ती विकून ६० आले. ४० आईच्या यंत्राला, २० कार्डावर. रोजच्या खर्चातून ५ कमी झाले, त्यातला थोडा भाग गाडीच्या इंधनाचा आणि देखभालीचा. या ५ मधला १ संकल्पाला गेला, ४ कार्डाच्या हप्त्यात मिळवले, म्हणजे भरणा ६ चा १० झाला. बाकी आता ७० वर आल्याने व्याजही कमी झालं. कार्ड पाकिटातून काढून वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं, आणि दरमहा उरणारे २ अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात झाली.

मंडळीचा वाटा

घराने आपलं घर आवरलं, पण मंडळीही कारभारी आहे. भर उपासनेत, इतरांच्या नजरेसमोर आकडा लिहून घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा, यातून मत्तय ६:१-४ शी सरळ विरोध होतो. डाव्या हाताला कळू नये ते माइकवरून कळवलं जात होतं. पाळकांनी हे मान्य केलं. पुढच्या वेळेपासून पत्र घरी न्यायचं, किमान एक रविवार मध्ये जाऊ द्यायचा, पती-पत्नी दोघांनी सही करायची, वाचन बंद. तळाशी एक ओळ आली: परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलण्यासाठी पाळकांशी बोलावं.

दानपेटी दोघांनी मिळून मोजायची पद्धत मंडळीत होतीच. २ राजे १२:१० मध्ये राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पेटीतला पैसा मोजतात, आणि पौलही दानाची रक्कम नेताना कुणी ठपका ठेवू नये म्हणून सोबत माणसं घेतो (२ करिंथ ८:१९-२१). मोजणीत जी काळजी घेतली जात होती ती मागणीत घेतली गेली नव्हती, एवढाच फरक.

अजून सुटलेलं नाही ते

कार्ड फिटायला अजून काही महिने लागतील आणि मध्ये एखादं आजारपण आलं तर गणित पुन्हा बिघडेल. मंडळीतल्या एक-दोघांनी ‘संकल्प कमी केला म्हणे’ असा सूर लावला. तो त्याला झोंबला. समित्या सोडल्यावर पहिले काही आठवडे आपण कुणी उरलो नाही असं त्याला वाटत राहिलं. सेवा आणि मान इतके एकमेकांत गुंतलेले असतात की एक सोडताना दुसरा किती धरून ठेवला होता ते तेव्हाच कळतं.

आईच्या यंत्राचंही सगळं सुरळीत नाही. कानाचं यंत्र लावलं की लगेच जुनं ऐकणं परत येत नाही. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, गर्दीतली कुजबुज सगळं एकदम मोठं होतं आणि सवय व्हायला आठवडे जातात. गायनाच्या वेळी आई ते काढून हातात धरते. जुळवणीसाठी तिला अधूनमधून न्यावं लागतं आणि तपासणीची वेळ नेमकी उरलेल्या एका समितीच्या बैठकीच्या दिवशी मिळते. त्या दिवशी आपण येणार नाही, कार्यवृत्त पाठवावं, असं त्याने समितीला लेखी कळवलं आहे.